चार बोटांची फट

९ नोव्हेंबर २०२४

चार गेल्या! खुराड्यात नुसती पिसं. तांबडीची तर मान तोडून धड तिथंच टाकलेलं. आणि दार उघडं. चांगलं पाच-सहा बोटं उघडं!

ह्यांना विचारलं, काल दिवस मावळताना दार कुणी लावलं? "मीच." मग हे काय? "मी लावलं व्हतं." संपलं. तोंड फिरवलं भिंतीकडं.

दार कसलं, खिडकी आहे ती. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधल्या, हजारो खिडक्या बसवल्या. कोंबड्यांसाठी दार करायचं म्हटल्यावर ह्यांच्या डोक्यातून दुसरं काय निघणार? दोन फूट बाय दीड, बाजूला सरकणारं. अहमदपूरला भीमाशंकरच्या वेल्डिंगच्या दुकानात काठी टेकून दोन तास उभं राहून करून घेतलं. भीमाशंकर हळूच मला म्हणाला, "वहिनी, आत कोंबड्या बसवायच्या हायत का पॅशिंजर?" मी हसले. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच ह्यांनी कशात तरी जीव घातला होता. दाराच्या मापाकडं कोण बघतंय!

आज तीन महिने वीस दिवस. डॉक्टर म्हणाले होते, जे काय परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, नंतर फार आशा धरू नका. डावा हात अजून लोंबतोच आहे. डावा पाय ओढत चालतात. बोलता येतं, पण बोलत नाहीत.

१० नोव्हेंबर

शेजारच्या धुरपताबाई बघायला आल्या. अर्ध्या गल्लीत त्यांच्याच कोंबड्यांची अवलाद आहे, आमच्या चौदाही त्यांच्याच घरच्या. (आता दहा.) दार बघून कपाळावर हात मारला.

"अगं लुंबिनी, ह्या दारातनं वासरू जाईल की! कोंबडीचं काय लगीन लावायचंय, एवढं मोठं दार कशाला?"

कुत्रं असेल का, म्हटलं. "कुत्रं न्हाई. कुत्र्यानं समद्या नेल्या असत्या. हे मुंगसाचं काम हाय. त्याला खायचं थोडं आन् मारायचं लई."

हे बाजेवर पडून सगळं ऐकत होते. तोंड भिंतीकडंच.

तांबडी पुरून टाकली. शिजवायचं मनात आलं नाही.

१३ नोव्हेंबर

बिजागरीचं दार करून घेऊ म्हटलं, कडीकोयंड्याचं. तर म्हणाले, "एका हातानं दार धरू का कडी घालू?" बरोबर आहे ते. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दार सरकतंच राहणार. पण लहान करायचं.

किती लहान, ते मी ठरवलं. सात इंच! मुंगसाची भीतीच तेवढी बसलीय माझ्या मनात. भीमाशंकरनं विचारलं, "सात? वहिनी, बघा बरं का." बघितलंय म्हटलं, कर.

१४ नोव्हेंबर

फजिती. एकही कोंबडी आत जाईना. एक घुसली ती मधेच अडकली, पुढंही नाही आणि मागंही नाही, नुसती कोकलते. बाकीच्या बोरीवर चढून बसल्या. मी आणि धुरपताबाई फांद्या हलवतोय, काठ्या आपटतोय, एकेक धरून खुराड्याचा वरचा पत्रा उचलून आत टाकतोय. माझ्या केसांत शिट.

आणि हे हसले! खुर्चीत बसून, खांदे हलेपर्यंत. चार महिन्यांनी ऐकलं ते हसणं. मला वाटलं, रोज कोंबड्या बोरीवर चढल्या तरी चालतील.

मग म्हणाले, "चौदा इंच कर. इंजिनेर हायस मोठी!"

१८ नोव्हेंबर

चौदा इंचाचं बसलं. कोंबड्या आपोआप आत जातात. दार हेच लावतात, दिवस मावळताना. खुर्चीतून उठायचं, चारपायी काठीनं अंगणातून जायचं, सरकवायचं, यायचं. दिवसभरात तेवढं एकच काम. त्याची वाट बघत बसतात. घड्याळ बघतात.

घरात शिरताना मात्र परत डावा खांदा चौकटीवर आपटला. रोज आपटतो. सोललाय खांदा. किती सांगायचं, बघून चला! लहान लेकरू असतं तर रागावता तरी आलं असतं. अंगणवाडीत पस्तीस वर्षं पोरं सांभाळली, पण असला हट्टी एक पोरगा बघितला नाही.

२१ नोव्हेंबर

पानात अर्धं टाकतात. निम्मी भाकरी, निम्मी भाजी. पोट भरलं का? "भरलं न्हाई, पर संपलं." संपलं म्हणे! समोर दिसतंय ना उरलेलं? वजन उतरलंय. गालफडं बसलीत.

दाढी पण अर्धी. एका गालाला खुंट तसेच. आरशासमोर बसून करतात तरी! कुणासाठी करायची, असं झालं असेल. राहिलेला साबण मीच पुसून घेते.

२५ नोव्हेंबर

आणखी दोन.

दार उघडं. चार बोटं. मी मोजली, माझी चार बोटं सरळ आत गेली.

"लावलं व्हतं." "मग उघडलं कुणी, मुंगसानं सरकवलं का?" "मला काय म्हाइत. मी लावलं व्हतं." तोंडावर खोटं! तेहतीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही. पगार कमी आला तरी आणून हातावर ठेवला, कधी घुटका घेतला तर तेही सांगितलं. आणि आता कोंबडीच्या दारासाठी खोटं.

२६ नोव्हेंबर

आज मागून जाऊन बघितलं. लावून आत आले आणि मी धुण्याचं निमित्त करून गेले. उघडं! चार बोटं, डावीकडची. गुपचूप लावून घेतलं.

असं का करतात? आळस म्हणावा तर तिथपर्यंत जातात, एवढं ओढत ओढत. चार बोटांचा आळस? का माझ्यावर राग आहे आणि तो तिथं काढतात?

३० नोव्हेंबर

रोज उघडं. रोज मी जाऊन लावते. आठ आहेत, आठ राहिल्या.

आदर्शचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक ना कोंबड्या. कशाला डोक्याला ताप?" पोराला काय सांगू! कोंबड्या विकल्या तर तुझा बाप दिवसभर कशाची वाट बघणार रे? पण फोनवर हे कसं बोलायचं, हे शेजारीच असतात. शेजारी म्हणजे काय, बाजेवर. बाजेची उजवी बाजू भिंतीला, हे भिंतीकडं तोंड करून, आणि मी इकडं डावीकडं स्टुलावर. नर्सबाईंनी बजावलेलं, लुळ्या बाजूनंच धरायचं, तिकडंच बसायचं, नाहीतर पडतील. त्यामुळं तेव्हापासून मी डावीकडंच. उठवते, बसवते, ताट वाढते. एकदा मान वळवून बघतील तर शपथ.

४ डिसेंबर

पकडलं मला. दार लावताना मागून काठीचा आवाज. उभे होते.

"म्हंजे तू रोज येतीस."

मी दारावरचा हात काढला.

"म्हंजे माज्यावर भरवसा न्हाई."

उघडं असतं अहो, म्हटलं. या इकडं, दाखवते. "काई दाखवू नगंस. दार लावाया यीना त्या मानसाला दार दावून काय करतीस?" खांदा आपटत आत गेले. जेवले नाहीत.

६ डिसेंबर

विहारात जाऊन आले. अभिवादन, वंदना, सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. तिथं मागायचं नसतं, माहीत आहे मला. मागणारी माणसं नाहीत आपण. तरी मागितलं. एवढा माणूस मला परत द्या.

कुणाला मागितलं तेही माहीत नाही.

९ डिसेंबर

गोळ्या सापडल्या! बाजेची नवार आवळायला गेले, तर खालून टपाटप. रक्त पातळ करायची, बीपीची, सगळ्या. मोजल्या तर पाच दिवसांच्या. म्हणजे त्या चार तारखेपासून एकही पोटात गेलेली नाही. तोंडात धरायचे, माझी पाठ वळली की काढायचे.

डॉक्टर काय म्हणाले होते? एक दिवस चुकवू नका, दुसरा झटका आला तर वाचवणं कठीण.

"का? का असं केलंत?"

भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "जेला धा पावलांवरलं दार लावता यीना, तेनं गोळ्या कशाला खाव्या?"

उपकेंद्राच्या आशाताईनं येऊन बीपी बघितलं. एकशे ऐंशी.

१० डिसेंबर

चहात गोळी चुरून दिली. पहिल्या घोटाला कळलं त्यांना. कप ठेवून दिला.

११ डिसेंबर

आज मनात आलं, जुलैमध्येच गेले असते तर. आलं मनात, खरंच आलं. चूल पेटवताना आलं आणि हातातली काडी विझली तरी मी तशीच. लिहून ठेवते, कुणाला सांगणार? त्याच हातानं मग भाकरी थापली आणि त्यांना वाढली.

१२ डिसेंबर

सौदा झाला. त्यांनीच ठरवला.

"आठवडाभर दार मी लावनार. तू बघायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. आठच्या आठ ऱ्हायल्या तर गोळ्या खाईन, मरस्तवर खाईन. न्हाई ऱ्हायल्या तर पुन्हा म्हनायचं न्हाई." आठवडाभरही खायच्या म्हटलं, त्याशिवाय कबूल नाही. "खाईन."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आता सगळं त्या दारावर आहे. दार असं पाहिजे की माणूस चुकला तरी दार चुकलं नाही पाहिजे.

१४ डिसेंबर

धुरपताबाईंच्या पाया पडायची बाकी राहिले. तुम्हीच सांगा बाई, नेमकं माप काय?

त्यांनी मला पट्टी काढूच दिली नाही. तुरीचा हिरवा फोक तोडून आणला, वाकवून कडं केलं. सगळ्यात जाड कोंबडी, ती कबरी, काखेत धरली आणि कड्यातून घातली. डोकं गेलं, छाती गेली, पंखापाशी अडकली. कडं थोडं सैल केलं. परत घातली. आता कबरी पिसं फुलवूनसुद्धा आरपार गेली, एक पीस मोडलं नाही. "हे झालं कोंबडीचं माप. ह्याच्या म्होरं बोटभर बी न्हाई. आता तुजा हात घाल. खांद्यापातुर आत गेला पायजे, अंडी मागच्या कोपऱ्यात घालत्यात." गेला. मग मी चोरून पट्टी लावली. दहा इंच.

सात चूक, चौदा चूक, दहा बरोबर. एवढं सोपं होतं! तेव्हाच विचारलं असतं तर सहा जीव वाचले असते.

१६ डिसेंबर

भीमाशंकर स्वतः येऊन बसवून गेला. खालच्या सरकपट्टीला तेल घातलं, दार बोटानं सरकतं. "आनंदराजदादा, आता लोण्यावानी चालतंय बगा." हे चौकटीवर हात फिरवून म्हणाले, "काम चांगलं हाय." वर्कशॉपमधल्या पोरांना म्हणायचे तसं. उद्यापासून आठवडा.

१७ डिसेंबर

पहिला दिवस. आठ. गोळ्या खाल्ल्या, जीभ काढून दाखवली मला.

१८ डिसेंबर

आठ.

१९ डिसेंबर

आठ. बीपी एकशे पन्नास. भिंतीकडं तोंड करूनच, पण एक वाक्य बोलले: "कबरी खुडूक बसलीय वाटतं." मी म्हटलं, हो. एवढं बोलणं झालं आमचं!

२० डिसेंबर

आठ. पण आज मला राहवलं नाही. हात लावला नाही, शपथ, फक्त लांबून बघितलं. उघडं होतं. दोन बोटं. आता दारच लहान म्हणून फट पण लहान. दोन बोटांतून काय जाणार? शब्द दिलाय. आले परत.

२१ डिसेंबर

कोंबडा गेला. ह्यांच्या पायावर येऊन बसायचा तो. आणि कबरी, अंड्यांवर बसलेली, तिथंच मारलेली.

दोन बोटांत नाक घालून ढकललं असणार त्यानं. सरकतं दार, तेल घातलेलं. कुणीही सरकवावं!

मी बघितलं होतं. काल बघितलं होतं मी आणि लावलं नाही. आणि सगळा राग मात्र त्यांच्यावर काढला. काय काय बोलले! खोटारडा म्हणाले. मुद्दाम करता म्हणाले. मला छळायला जगलात म्हणाले. हात उगारला मी. खाली आणला, पण उगारला होता.

हे एवढंच म्हणाले: "सौदा सौदा असतो."

२३ डिसेंबर

गोळ्या बंद. जेवण नावाला. दार लावायलाही उठत नाहीत आता. मी लावते, नीट बंद होतं. सहा आहेत, सहा राहतील. काय करायचंय त्यांचं?

२८ डिसेंबर

बीपी एकशे नव्वद. आशाताई म्हणते, लातूरला न्या. येत नाहीत. पाया पडले. येत नाहीत.

१ जानेवारी २०२५

सगळं गाव भीमा कोरेगावच्या गप्पांत. मी आज हरले. जवळ जाऊन म्हटलं, मी चुकले. सौदा मोडा, मला मारा, पण एकदाच माझ्यासमोर दार लावून दाखवा. मी काही बोलणार नाही. तुम्ही लावता कसं ते मला बघायचंय.

भिंतीकडं बघतच म्हणाले, "उद्या."

२ जानेवारी

बघितलं.

गेले. वाकले. उजव्या हातानं दार सरकवलं, उजवीकडून डावीकडं. दोन बोटं राहिली आणि थांबले. खाली वाकून दाराकडं नीट बघितलं. हात फिरवून उजवी कड चाचपली. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हं. लागलं. बघ."

तोंडाकडंच बघत होते मी. खोटं बोलणारं तोंड नव्हतं ते. काम नीट झाल्यावर माणसाचं जसं होतं, तसं तोंड होतं.

फट समोर होती! आंधळ्याला हातानं लागेल एवढी!

मला भीती वाटतेय. डोक्यात काही झालंय का ह्यांच्या? डोळे गेलेत का?

३ जानेवारी

डोळे चांगले आहेत. कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचून दाखवली.

सकाळी जेवताना परत अर्धं टाकलं. डावीकडची अर्धी भाकरी, डावीकडची भाजी. नेहमी डावीकडचीच! दार उघडं राहतं तेही डावीकडचंच. मी नुसतं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडं आलं.

"अजून वाढलंस व्हय?" म्हणाले, आणि खायला लागले. सगळं खाल्लं!

मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला. दाढी डावीकडची. खांदा डावा. सगळं, सगळं डावं.

७ जानेवारी

लातूर. ताटाची गोष्ट सांगितली म्हणून आले. म्हणाले, "म्हंजे रोज अर्धी भाकरी राहत व्हती? मला वाटलं तू कमी वाढतीस." ह्यांनाही मनातून भीती वाटतेय. रक्तदाबाचं इंजेक्शन दिलं, मग व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. मृण्मयी नाव, लहानशी पोरगी. तिनं कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारली. "काका, बरोब्बर मधोमध खूण करा."

ह्यांनी पेन घेतलं. तीस वर्षं नजरेनं पत्रा कापणारा माणूस! वर्कशॉपमध्ये पैज लागायची ह्यांच्या नजरेवर. रेघेच्या उजव्या टोकाजवळ खूण केली, चार बोटं सोडून. "मधी हाय. बरोब्बर."

मॅडम मला म्हणाल्या, "काकू, डोळे ठीक आहेत त्यांचे. झटक्यानं मेंदूचा जो भाग गेला, त्यामुळं त्यांना डावीकडचं जाणवतच नाही. त्यांच्या लेखी डावीकडं काही नसतंच. सोडून देत नाहीत ते, त्यांना ते आहे हेच कळत नाही. जुलैच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय की."

कार्डावर! इंग्रजीत! मी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सहा महिने जिवापाड जपलं.

सुधारतं का, विचारलं. "सराव केला तर बरंच सुधारतं. सहा महिने झाले म्हणून संपलं असं काही नसतं." त्यांच्याशी बोलायचं कसं, मान कशी वळवायला लावायची, ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी कशी लावायची, सगळं सांगितलं. निम्मं मला ऐकूच आलं नाही. कानात एकच घुमत होतं. खोटारडा म्हणाले होते मी.

येताना बसमध्ये चाकूर आल्यावर खिडकीची काच सरकवत, उजवीकडच्या खिडकीची, म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो."

नव्हता हो. नव्हता बोलत.

८ जानेवारी

गोळ्या स्वतः मागून घेतल्या.

११ जानेवारी

दार ह्यांनीच काढलं शोधून. दुपारी एकदम म्हणाले, "मी नोकरीला लागलो तवा जुन्या गाड्यांना काच नव्हती. वर उचलायची झडप असायची. सोडली की खाली." आणि हात वरून खाली आणत, "वरनं खाली पडलं तर डावं-उजवं ऱ्हातंच कुठं?"

भीमाशंकरला फोनवर पंधरा मिनिटं सांगत होते. खाच किती, पत्रा किती जाड, दोरी कुठून. माप? "माप दहाच. धुरपताकाकूंचं माप बदलायचं न्हाई." धुरपताबाईंना सांगितलं तर त्या लाजल्या!

१४ जानेवारी

बसली झडप. दोरी सोडली की धाडकन खाली, आणि खाली दोन बोटं मातीत रुतते. मुंगूस येऊ दे आता! ह्यांनी पाच वेळा वर-खाली करून बघितलं. सहाच्या सहा आत. मी मागून बघायला गेले नाही. गरजच नव्हती.

मकरसंक्रांतीचे लाडू धुरपताबाईंनी दिले. दोन खाल्ले, ताटाच्या दोन्ही बाजूचे!

१९ जानेवारी

आदर्श आला होता. त्याच्या मदतीनं बाज फिरवली. आता डावी बाजू भिंतीला, उजवी मोकळी. मॅडमनी सांगितलेलं, माझ्याच्यानं एकटीनं होत नव्हतं. चहा घेऊन मी पहिल्यांदाच त्यांच्या उजवीकडं बसले. ह्यांनी बघितलं. कप घेतला नाही, नुसते बघत राहिले माझ्याकडं, कितीतरी वेळ. डोळे भरून आले त्यांचे.

"लुंबिनी," म्हणाले, "कुठं व्हतीस गं इतके दिवस?"